कडक, सौम्य आणि सुवासिक

पानाच्या टपरीवर गिऱ्हाईक 'जरा कडक द्या' म्हणते, तेव्हा टपरीवाल्याला त्याचा अर्थ नेमका कळतो. पण हा कडकपणा असतो तरी कोठे? तंबाखूच्या पानात, ती ज्यात गुंडाळली त्या वेष्टनात, की ओढणाऱ्याच्या घशात? प्रश्न साधा दिसतो. रसायनशास्त्रज्ञांना, वैद्यांना आणि कायदे करणाऱ्यांना मात्र त्याने बराच काळ चकवले आहे.

आता हा प्रश्न शाळेच्या फाटकापाशी येऊन पोचला आहे. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, तरी ती मुलांच्या हाती लागते. कधी ती पेनासारखी दिसते, कधी पेनड्राइव्हसारखी. वरच्या वर्गातील मुले शिक्षकांना विचारतात, की यात जाळ नाही, राख नाही, उलट आंब्याचा वास येतो. मग बिघडले कोठे? त्यांतली चौकस मुले आणखी एक निरीक्षण सांगतात. एकच द्रव एका साधनात बेचव लागतो आणि दुसऱ्यात त्याचाच स्वाद भरपूर लागतो. हे निरीक्षण खरे आहे, आणि आमच्या मते या विषयाची किल्ली त्यातच आहे. ती फिरवण्यासाठी मात्र चारशे वर्षे मागे जावे लागेल. अंतराने फार लांब जायला नको. सोलापूरहून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर आहे, तेथे गेले की पुरे.

अकबराने असद बेग नावाच्या आपल्या अधिकाऱ्याला १६०३ च्या सुमारास आदिलशाही दरबारी वकिलीवर पाठवले होते. विजापुरात त्याने तंबाखू पाहिली. उत्तरेत अशी वस्तू आपण कधी पाहिली नव्हती, असे त्याने लिहून ठेवले आहे. पोर्तुगीजांमुळे तंबाखू पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून ती आधी दख्खनेत शिरली, याचा हा चांगला पुरावा आहे. असद बेगने नुसती पाने नेली नाहीत. त्याने नळी तयार करवली. ती आचीनहून आलेली, तीन हात लांब, दोन्ही टोकांना रत्ने आणि मीनाकाम केलेली होती. तोंडात धरायला येमेनी अकीक आणि तंबाखू जाळायला सोन्याची वाटी. आग्र्याला हे सर्व तबकात घालून त्याने बादशहापुढे ठेवले.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले. दरबारचा हकीम अस्वस्थ झाला. पुढे जो वाद झाला तो कोणत्याही विज्ञानशिक्षकाने वर्गात जरूर सांगावा. हकिमाचे म्हणणे असे होते, की या वस्तूविषयी आमच्या वैद्यकग्रंथांत काहीच नाही आणि तिची परीक्षा झालेली नाही. फिरंग्यांनी स्वीकारली म्हणून आपण का स्वीकारावी? असद बेगचे उत्तर असे, की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. चोपचिनीही पूर्वी कोणाला ठाऊक नव्हती, आज तिचे औषध होतेच ना! बादशहा असद बेगच्या युक्तिवादावर खूश झाला, पण तंबाखूचा नाद मात्र त्याने लावून घेतला नाही. सरदारांनी लावून घेतला. थोड्याच काळात व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, पण तोवर फार उशीर झाला होता.

वादात दोघेही आपापल्या जागी चुकले नव्हते, असे आम्हाला वाटते. नवीन म्हणून वाईट हे तर्कशास्त्र नव्हे. पण परीक्षा करा, हे हकिमाचे मागणे अगदी रास्त होते, आणि ती परीक्षा व्हायला साडेतीनशे वर्षे लागली.

येथे हुक्क्याविषयीची एक लोकप्रिय कथा तपासून घेऊ. हकीम अबुल फत गिलानी याने धूर पाण्यातून नेऊन शुद्ध करण्याची युक्ती काढली आणि हुक्का जन्माला आला, असे अनेक पुस्तकांत आढळते. हा हकीम १५८९ मध्ये वारला. तंबाखू जर १६०४ च्या सुमारास आग्र्यात अपूर्वाईची वस्तू होती, तर तिच्या धुरासाठी पंधरा वर्षे आधी त्याने उपाय कसा शोधला? कथा खरी ठरायची तर आधी काहीतरी वेगळे सिद्ध करावे लागेल. पण कथेत जो विचार आहे तो महत्त्वाचा आहे. पाण्यातून गेलेला धूर निर्दोष होतो, ही समजूत तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

पाण्याने काय होते ते पाहू. चिलीम ही सर्वांत आखूड वाट. निखारा, तंबाखू, मातीची नळी, मध्ये फार तर ओली छापी, की धूर थेट तोंडात. तो गरम आणि कोरडा असतो, म्हणून घशाला लागतो. गुडगुडीत हाच धूर पाण्यातून बुडबुडे होऊन वर येतो. तो थंड होतो, दमट होतो. निकोटीन पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचा काही भाग मागे राहतो. शिवाय आपल्याकडे हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी मळण्याची पद्धत होती. गुळातल्या साखरेमुळे धुराला गोडसर वास येतो. घसा तक्रार करीत नाही. मात्र कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जळत्या कोळशाचा हा वायू बुडबुड्यात बसून सुखरूप वर येतो. आणि घसा तक्रार करीत नसल्यामुळे माणूस मोठे आणि लांब झुरके घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये याचा हिशेब मांडला. सिगारेट ओढणारा पाच-सात मिनिटांत आठ ते बारा झुरक्यांतून अर्धा लीटरभर धूर आत घेतो. हुक्क्याच्या एका बैठकीत पन्नास ते दोनशे झुरके होतात आणि एकेक झुरका पाव लीटरचा, कधी एक लीटरपर्यंतचाही असू शकतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आणली, तेव्हा 'पण त्यात पाणी असते' हा बचाव पुन्हा एकदा ऐकू आला होता.

आता स्वाद म्हणजे काय याचा थोडा विचार करू, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. डोळे मिटून, नाक चिमटीत धरून चिमूटभर जिरे चावायचे. काहीतरी खरखरीत, किंचित कडवट आहे एवढेच कळते. नाक सोडले की एका क्षणात ते जिरे होते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच कळते. बाकी सारे तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात गेलेल्या बाष्पाचे काम. याखेरीज तिसरा एक मार्ग आहे. तिखटाचा चटका आणि पुदिन्याचा गारवा यांना खरे तर चव नाही, वासही नाही. त्या वेदनेच्या आणि तापमानाच्या मज्जातंतूंनी दिलेल्या वर्दी आहेत. तंबाखूचा घशाला बसणारा ठसका याच तिसऱ्या वर्गातला. सोलापूरच्या शेंगाचटणीत तेलात मुरलेले तिखट आणि तेच तिखट पाण्यात कालवलेले, यांचा जिभेवरचा अनुभव वेगळा असतो, हे येथे कोणाला सांगायला नको. पदार्थ तोच, वाहक बदलला.

अमेरिकेतील विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजण्याची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करीत जायचे आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले ते मोजायचे. मापनयंत्र म्हणजे माणसाची जीभ. ती पद्धत ढोबळ होती, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. द्रावण कोणते, पातळ किती केले आणि जीभ कोणाची हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नव्हता. तंबाखूच्या बाबतीत हा प्रामाणिकपणा पुढे हरवला.

धुराच्या ठसक्यामागे एक सोपे रसायनशास्त्र आहे. निकोटीन ही दुर्बल आम्लारी आहे. धूर आम्लारिधर्मी असेल, म्हणजे त्याचा सामू जास्त असेल, तर निकोटीन मुक्त रूपात राहते. ते घशाला झोंबते आणि तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते. धूर आम्लधर्मी असेल तर निकोटीनचा क्षार बनतो. तो झोंबत नाही, पण तोंडात फारसा शोषलाही जात नाही. त्याला फुप्फुसापर्यंत न्यावे लागते. फुप्फुसाच्या आतला पृष्ठभाग आपल्या वर्गखोलीच्या जमिनीएवढा तरी असतो. तेथे पोचलेले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत जाते. म्हणजे घशाला सौम्य लागणारा धूर मेंदूला सौम्य असेलच असे नाही. बहुधा उलटेच घडते. सौम्य म्हणून तो खोलवर घेता येतो, आणि खोलवर गेल्यामुळे त्याची सवय अधिक पक्की जडते. घशाचा ठसका हा पहारेकरी आहे, असे समजले तर तंबाखूच्या साधनांचा बराचसा इतिहास हा त्या पहारेकऱ्याला झोपवण्याचा इतिहास आहे.

सोलापूरची विडी याला काहीशी अपवाद. ती ठसका लपवीत नाही. विडीचे पान म्हणजे टेंभुर्णीचे पान. या झाडाचे नाव असलेले गावही सोलापूर जिल्ह्यात आहे. बाजारात या पानाला तेंदूपत्ता म्हणतात. पान भिजवून मऊ करायचे, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचे, सुपातली चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, टोक दुमडायचे आणि दोरा बांधायचा. तंबाखू निपाणी भागातली, नाहीतर गुजरातेतल्या चरोतरची, उन्हात वाळवलेली. सोलापुरात हे काम शहराच्या पूर्व भागात घरोघर चालते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कित्येक घरांत पुरुष मागावर किंवा गिरणीत आणि बाई विडीवर, अशी विभागणी होती. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांची चूल विडीवरच चालली. मजुरी हजार विड्यांवर मोजतात. शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये झाली, एवढे सांगितले म्हणजे या धंद्याच्या व्याप्तीची कल्पना येईल.

साधन म्हणून विडी फार बोधप्रद आहे. तिच्यात सिगारेटच्या निम्म्याहूनही कमी तंबाखू असते. साधारण पाव ग्रॅम. त्यामुळे 'विडीत असते ते काय, चिमूटभर' असे म्हणण्याची पद्धत आहे. पण सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो. त्याच्या अंगातून हवा आत येऊन धूर पातळ होतो आणि तो न ओढताही जळत राहतो. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत येत नाही. धूर पातळ होत नाही आणि विडी पटकन विझते. विझू नये म्हणून ओढणारा भराभर झुरके घेतो. सिगारेटला मिनिटाला साधारण दोन, तर विडीला पाच. गाळणी नाहीच. तंबाखू कमी, पण झुरके जास्त आणि धूर दाट.

याचे मोजमाप करायला गेल्यावर एक गंमत झाली. सिगारेट ओढणारी यंत्रे पाश्चात्त्य प्रयोगशाळांत होती. त्यांचा ठरलेला नियम असा: मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलीटरचा. या नियमाने विडी ओढायला लावली तर दोन झुरक्यांच्या मध्ये ती विझून जाते! यंत्राला विडी ओढायला शिकवावी लागली. झुरक्यांमधले अंतर कमी करावे लागले. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे ल. द. संघवी यांनी अमेरिकेतील हॉफमन आणि विंडर यांच्याबरोबर भारतीय विडी आणि अमेरिकन सिगारेट यांच्या धुराची तुलना १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. चिमूटभर तंबाखूच्या विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड, फिनॉल आणि बेन्झोपायरीनसारखी कर्करोगजनक द्रव्ये सिगारेटपेक्षा जास्त निघाली.

त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध लिहिला होता. खानोलकर हे आपल्या देशातील विकृतिशास्त्राचे आद्य संशोधक. मुंबईच्या रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की तंबाखू चघळणाऱ्यांत आणि ओढणाऱ्यांत कर्करोगाच्या जागा वेगळ्या असतात. चघळणाऱ्यांत तो मुख्यतः तोंडात, तर ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळापासून घशाकडे. वनस्पती एकच, पण ती शरीरात कोणत्या वाटेने आली यावर आजाराचे ठिकाण ठरते. आग्र्याच्या हकिमाने मागितलेली परीक्षा ती हीच.

विडीचा एक अध्याय मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत भारतीय विड्या जाऊ लागल्या, पण कशा? आंबा, चॉकलेट, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी अशा स्वादांच्या! कडक धुरावर गोड वासाची शाल पांघरलेली. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरी शाळकरी मुलांची पाहणी झाली. शंभरातील चाळीस मुलांनी विडी एकदा तरी ओढली होती आणि सोळा मुले ती तेव्हा ओढत होती. का ओढता, याच्या उत्तरात सिगारेटपेक्षा चव चांगली लागते, हे कारण ठळक होते. पुढे २००९ च्या अमेरिकन कायद्याने सिगारेटमधील फळांच्या व मिठाईच्या स्वादांवर बंदी आली. ई-सिगारेटच्या द्रवाला आंब्याचा वास कोणी आणि का दिला, असे विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकांनी त्याला ही विड्यांची गोष्ट सांगावी.

सिगारेटचा मार्ग वेगळा होता. १८३९ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनात भट्टीच्या उष्णतेने पान लवकर वाळवण्याची पद्धत निघाली. त्याचे श्रेय स्टीफन नावाच्या एका गुलामाला देतात. अशा पानात साखर टिकून राहते आणि त्याचा धूर आम्लधर्मी होतो. म्हणजे वर सांगितलेला पहारेकरी झोपला. १८८० च्या दशकात सिगारेटी वळणारे यंत्र आले आणि या सौम्य धुराला स्वस्त वाहन मिळाले. विसाव्या शतकात कर्करोगाशी संबंध उघड होऊ लागला, तेव्हा कंपन्यांनी गाळणी लावली आणि गाळणीभोवती सूक्ष्म छिद्रे पाडली. अमेरिकेत १९६७ पासून यंत्राने मोजलेले डांबराचे आणि निकोटीनचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. छिद्रांमधून हवा शिरत असल्याने यंत्राच्या आकड्यांत अशी सिगारेट फार सौम्य ठरे, आणि पाकिटावर 'लाइट' छापता येई. पण यंत्राला बोटे नसतात आणि ओठही नसतात. माणूस सिगारेट धरतो तेव्हा ती छिद्रे बोटांखाली आणि ओठांखाली झाकली जातात. शिवाय हवे तेवढे निकोटीन मिळेपर्यंत तो झुरका लांबवतो. लाखो लोकांनी सिगारेट सोडण्याऐवजी 'लाइट' धरली. २००८ मध्ये अमेरिकन सरकारने त्या यंत्रमापनावरचा आपला शिक्का काढून घेतला, आणि २०१० पासून तेथे 'लाइट', 'माइल्ड' हे शब्दच वापरायला बंदी आली. चाळीस वर्षे एक अचूक यंत्र चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देत राहिले.

आता ई-सिगारेट. जाळाशिवाय ओढण्याची कल्पना अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६३ मध्ये पेटंटसाठी मांडली होती, पण ती मागे पडली. चिनी औषधनिर्माता होन लिक याने २००३ च्या सुमारास केलेली रचना पुढे जगभर गेली. आत एक छोटी बॅटरी, तारेचे वेटोळे, त्याला लागून वात आणि वातीत भिनलेला द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. झुरका घेतला की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती हवेत थंड होऊन सूक्ष्म थेंबांचे धुके बनते. पाण्याची वाफ म्हणून मुले जे सांगतात ते हे नव्हे.

एकच द्रव दोन साधनांत वेगळा का लागतो, याचे उत्तर दहावीच्या विद्युतधारेच्या धड्यात आहे. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. बॅटरी ३.७ व्होल्टची आणि वेटोळ्याचा रोध १.८ ओहम असेल तर शक्ती साधारण ७.६ वॅट येते. रोध ०.२ ओहम केला तर तीच बॅटरी ६८ वॅट देऊ पाहते; नऊ पट. द्रवाचा थेंब तोच, पण दर झुरक्याला होणारी वाफ कितीतरी जास्त. दुसरे असे, की द्रवातील घटक एकाच तापमानाला उकळत नाहीत. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. फळांचे वास देणारी एस्टरे बहुधा त्याहून कमी तापमानाला उडून जातात, तर व्हॅनिलासारखे जड वास मागे रेंगाळतात. तार कमी तापली तर पुढे येणारा वास वेगळा, जास्त तापली तर वेगळा. ग्लिसरीन जास्त असेल तर धुके दाट आणि गोडसर, पण वास दबलेला. ग्लायकॉल जास्त असेल तर वास ठळक आणि घशाला खरखर. हवेचे भोक रुंद केले की सारेच पातळ. तेव्हा या द्रवाचा खरा स्वाद किती तीव्र, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर नाही. कोणत्या साधनात, किती शक्तीवर आणि कोणाच्या तोंडात, हे विचारावे लागते.

निकोटीनचेही तेच. सुरुवातीच्या द्रवांत मुक्त निकोटीन असे. जास्त घातले की घसा झोंबे, त्यामुळे प्रमाणाला आपोआप मर्यादा पडत असे. २०१५ मध्ये अमेरिकेत बेन्झॉइक आम्ल घालून निकोटीनचा क्षार केलेले द्रव बाजारात आले. सॉस टिकवायला ज्याचा क्षार वापरतात तेच हे आम्ल. सामू उतरला, ठसका गेला आणि दर मिलिलीटरला ५९ मिलिग्रॅम इतके निकोटीन असलेली वाफही कोवळ्या घशाला सहज पेलू लागली. युरोपात ही मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. भट्टीत वाळवलेल्या पानाने एकोणिसाव्या शतकात जे केले, ते येथे एका आम्लाच्या थेंबाने झाले.

सुवासिक द्रव्ये खाद्यपदार्थांत चालतात, मग ओढायला हरकत काय, हा मुलांचा पुढचा प्रश्न. खाल्लेला पदार्थ आतड्यातून आधी यकृताकडे जातो. हुंगलेला थेट फुप्फुसाच्या नाजूक अस्तरावर बसतो. लोण्याचा वास देणारे डायॲसिटिल खाण्यात चालते. पण २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बुजल्याचे आढळले. हेच द्रव्य पुढे काही ई-द्रवांतही सापडले. आणि ग्लिसरीन फार तापवले की ॲक्रोलिन होते, हे आपण प्रयोगशाळेत ग्लिसरीनची कसोटी करताना त्या उग्र वासाने ओळखतोच.

२०१५ मध्येच यावर एक वाद झाला. काही अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी एका ई-सिगारेटची वाफ यंत्राने ओढून तपासली. ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे सापडली नाहीत, ५ व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर आक्षेप आला, की एवढ्या तापमानाला वात कोरडी पडून इतकी करपट चव येते, की कोणी माणूस दुसरा झुरका घेणार नाही. यंत्राला जीभ नाही म्हणून ते ओढत राहिले. आक्षेप योग्यच होता. विडीपुढे अडलेले आणि 'लाइट' सिगारेटपुढे फसलेले यंत्रच पुन्हा येथे भेटते. पण त्या आक्षेपातून 'करपट लागत नाही तोवर ठीक' असा निष्कर्ष काढणे आम्हाला पटत नाही. करपटपणा एका टप्प्याला जाणवतो. त्याखाली काहीच बनत नाही, असे जीभ सांगू शकत नाही, विशेषतः तिच्यावर आंब्याचा वास पसरलेला असताना. २०१८ मध्ये ई-सिगारेट ओढणाऱ्या यंत्रासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले: दर ३० सेकंदांनी तीन सेकंदांचा, ५५ मिलिलीटरचा झुरका. तुलनेसाठी ते उपयोगी आहे. शाळेमागच्या भिंतीआड मुलगा कसा झुरका घेतो, हे मात्र त्यातून कळत नाही.

साधनाची, झुरक्याची आणि स्वादाची अडचण टाळून मोजण्याचा एक मार्ग आहे. साधन नव्हे, शरीर मोजायचे. निकोटीन दोनेक तासांत रक्तात निम्मे होते, पण त्यापासून यकृतात बनणारे कोटिनीन अर्ध्यावर यायला सोळा-वीस तास घेते. लाळेत, रक्तात किंवा मूत्रात ते सापडले, की निकोटीन आत गेले हे नक्की. चिलमीतून, विडीतून की आंब्याच्या धुक्यातून, याची कोटिनीनला पर्वा नसते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातील कामगारांची अशी तपासणी केली. ज्या स्त्रियांनी जन्मात एक झुरका घेतलेला नव्हता, त्यांच्याही शरीरात तंबाखूच्या या खुणा होत्या. ती आत गेली होती बोटांच्या कातडीतून आणि सुपातून उडणाऱ्या भुकटीतून, हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत रोज थोडी थोडी.